रंग एकट्या रेणूचा नसतो

मेथिलीन ब्लू शाळेत विज्ञान शिकलेल्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. गालाच्या आतल्या बाजूने काडीने खरवडलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या नीट दिसत नाहीत, म्हणून काचपट्टीवर ज्या निळ्या द्रवाचा थेंब सोडतात, तोच हा. विलेपार्ल्यासारख्या शाळा-कॉलेजांच्या उपनगरात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याची बाटली ठरलेलीच. घरी मासे पाळणाऱ्यांनाही तो ठाऊक असतो. माशाच्या अंगावर बुरशी धरली की मत्स्यपेटीत याचेच थेंब टाकतात. बोटाला लागला तर साबणाने लवकर जात नाही.

जर्मन रसायनतज्ज्ञ हाइनरिख कारो याने १८७६ साली बीएएसएफ कंपनीत हा रंग बनवला, तो कापडासाठी. पण कापडापेक्षा त्याचं नाव वैद्यकात जास्त झालं. क्षयाचे जंतू पहिल्यांदा दाखवताना, १८८२ मध्ये, रॉबर्ट कॉखने तो वापरला. पॉल एर्लिख आणि पाउल गुटमान यांनी १८९१ मध्ये तो हिवतापाच्या रुग्णांना औषध म्हणून दिला. रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडून प्राणवायू वाहून नेईनासं झालं, तर आजही इस्पितळात त्यावर उतारा म्हणून मेथिलीन ब्लूचं इंजेक्शन देतात.

इतक्या जुन्या आणि ओळखीच्या रंगाने २०१६ साली पदार्थविज्ञानात एक नवी गोष्ट करून दाखवली. त्याचा एकच रेणू सोन्याच्या अतिशय चिंचोळ्या फटीत उभा केला, तेव्हा त्याने आणि त्या फटीतल्या प्रकाशाने मिळून स्वतःच्या नव्या ऊर्जापातळ्या तयार केल्या, आणि त्याही खोलीच्या साध्या तापमानाला. ‘नेचर’ साप्ताहिकात छापलेल्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव होतं रोहित चिक्करड्डी यांचं. केंब्रिजला जाण्याआधी ते पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेत शिकत होते.

त्या प्रयोगाचा अर्थ नीट समजला, तर शाळेपासून मनात बसलेली एक समजूत सोडावी लागते. पदार्थाचा रंग हा त्याच्या रेणूचा खासगी गुण आहे, अशी ती समजूत. रेणू कुठे ठेवला आहे, त्याच्या भोवतालच्या जागेत कोणत्या प्रकाशाला वाव आहे, यावरही त्याचा रंग ठरतो. काही परिस्थितीत तर रेणू कोणता आणि प्रकाश कोणता, हा भेदच उरत नाही.

निळा का दिसतो

पाण्याच्या ग्लासात मेथिलीन ब्लूचा एखादा थेंब टाका. पाणी फिकट निळं होऊ द्या. खोलीत अंधार करा. लाल लेसर पॉइंटर ग्लासातून पलीकडच्या भिंतीवर मारा, मग हिरवा मारून पाहा. (लेसर कुणाच्याही डोळ्यांत जाणार नाही, आपल्याही, याची काळजी घ्या.) हिरवा ठिपका भिंतीवर बऱ्यापैकी उमटतो. लाल ठिपका मंद होतो, आणि रंग थोडा वाढवला तर नाहीसाच होतो. निळ्या पाण्याने लाल प्रकाश गिळला.

मेथिलीन ब्लूच्या रेणूत तीन कडी एका ओळीत जोडलेली असतात. मधल्या कड्यात एक नायट्रोजन आणि एक गंधक, आणि दोन्ही टोकांना एकेक नायट्रोजन. कड्यांमधले एकाआड एक दुहेरी बंध कुणा एका अणूच्या मालकीचे राहत नाहीत. त्यांतले इलेक्ट्रॉन या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले असतात. या पसरलेल्या इलेक्ट्रॉनना खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर चढायला सुमारे १.८६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. ६६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशकणात नेमकी तेवढी ऊर्जा असते. म्हणून तो शोषला जातो आणि उरलेला प्रकाश आपल्याला निळा दिसतो. बाजारातल्या लाल पॉइंटरचा प्रकाश साधारण ६५० नॅनोमीटरचा, म्हणजे या शोषणाच्या शिखराच्या अगदी शेजारचा. हिरव्याचा ५३२, बराच दूरचा.

या हिशोबात प्रकाश बाहेरून येतो, रेणू तो घेतो आणि थोड्या वेळाने ती ऊर्जा उष्णतेच्या किंवा प्रकाशाच्या रूपात सोडून देतो. सोडलेला प्रकाशकण परत येत नाही. रंगशास्त्राची सगळी पाठ्यपुस्तकं या एकेरी व्यवहारावर उभी आहेत. मुंबईत या शास्त्राची मोठी परंपरा आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा जो विभाग काढला, तो म्हणजे आजची माटुंग्याची आयसीटी. त्याची सुरुवातच गिरण्यांच्या शहराला लागणाऱ्या कापड-रसायनांपासून झाली. १९३८ पासून तिथे संचालक असलेले के. वेंकटरामन हे कृत्रिम रंगांचे जगन्मान्य अभ्यासक. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा अनेक खंडांचा ग्रंथ १९५२ पासून प्रसिद्ध होऊ लागला. पुढे १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या पिढीचा प्रश्न असा : रंग बदलायचा तर रेणूत कोणता बदल करावा? एखादा गट जोडावा, एखादं कडं वाढवावं, धातूचा अणू बसवावा. रेणूला हातही न लावता त्याची पातळी हलवता येईल, हा विचार तेव्हा रंगशास्त्राच्या कक्षेतच नव्हता.

दोरीवरची दोन कुलुपं

तो विचार समजण्यासाठी एक प्रयोग घरीच करता येतो. गॅलरीत कपडे वाळत घालायची आडवी दोरी असते. तिला वीतभर अंतरावर सारख्या लांबीच्या दोन सुतळ्या बांधा आणि प्रत्येकीच्या टोकाला सारखंच एकेक कुलूप अडकवा. दोरी जरा सैल असू द्या. आता एकच कुलूप स्वतःकडे ओढून सोडा. दुसऱ्याला हात लावू नका.

पहिलं कुलूप झुलू लागतं. थोड्याच वेळात दुसरं हलायला लागतं, त्याचा झोका वाढत जातो आणि पहिल्याचा कमी होत जातो. एका क्षणी पहिलं जवळजवळ थांबतं आणि दुसरं पूर्ण जोरात झुलत असतं. मग हाच प्रकार उलट. झोका एकाकडून दुसऱ्याकडे आणि परत पहिल्याकडे असा येत-जात राहतो.

यातल्या तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात. पहिली, एक सुतळी बरीच लांब केली तर हा खेळ बिघडतो. झोका पूर्णपणे पलीकडे जात नाही. दोघांची लय जुळलेली असावी लागते. दुसरी, दोरी जास्त सैल केली की देवाणघेवाण जास्त वेगाने होते. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. दोन्ही कुलुपं एकदम एकाच दिशेला ओढून सोडली, तर ती तशीच बरोबरीने झुलत राहतात. विरुद्ध दिशांना ओढून सोडली, तर तशी झुलत राहतात. पण या दोन्ही वेळी पन्नास झोक्यांना लागणारा वेळ वेगळा भरतो. स्वतंत्र असताना दोन्ही कुलुपांची लय एकच होती. एकत्र बांधल्यावर त्या जोडीच्या दोन लयी झाल्या, आणि त्यांतली कुठलीही एकट्या कुलपाची राहिली नाही.

आता एका कुलपाच्या जागी मेथिलीन ब्लूचा रेणू धरा आणि दुसऱ्याच्या जागी दोन आरशांमध्ये कोंडलेला प्रकाश. रेणूने सोडलेला प्रकाशकण आरशावर आपटून परत येतो आणि रेणू तो पुन्हा घेतो. ही ये-जा प्रकाश आरशांतून निसटण्यापूर्वी आणि रेणूची ऊर्जा उष्णतेत विरण्यापूर्वी होऊ शकली, तर रेणू आणि प्रकाश यांची घट्ट जोडणी झाली, असं म्हणतात. मग ६६५ नॅनोमीटरजवळचं एक शोषण-शिखर दुभंगतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक शिखर उभं राहतं. त्या दोन नव्या अवस्थांना पोलॅरिटॉन म्हणतात. त्या अर्ध्या प्रकाश आणि अर्ध्या पदार्थ असतात.

यातली सर्वांत चक्रावणारी बाब अशी, की आरशांमध्ये आधीपासून प्रकाश सोडलेला असावा लागत नाही. पुंजसिद्धान्ताप्रमाणे पूर्ण काळोखातही विद्युतचुंबकीय क्षेत्र अगदी शून्यावर स्वस्थ बसत नाही, त्यात किमान एक थरथर कायम असते. डच शास्त्रज्ञ हेंड्रिक कासिमीर यांनी १९४८ मध्ये दाखवून दिलं, की या थरथरीमुळे निर्वातात जवळजवळ ठेवलेले दोन धातूचे पत्रे एकमेकांकडे ओढले जायला हवेत. पुढे ते प्रयोगांनी सिद्धही झालं. रेणूची जोडणी होते ती या थरथरीशी. मोजण्यासाठी आपण प्रकाश टाकतो, पण पातळ्या त्याआधीच दुभंगलेल्या असतात.

कार्बनी रेणूच का

सुरुवात कार्बनी रेणूंपासून झाली नाही. एडविन जेन्स आणि फ्रेड कमिंग्स यांनी १९६३ मध्ये एक अणू आणि एक प्रकाशक्षेत्र यांच्या जोडणीचं गणित मांडलं. १९८४ मध्ये हैदराबाद विद्यापीठात असलेल्या गिरीश अगरवाल यांनी असं दाखवलं, की आरशांमधल्या पोकळीत अनेक अणू असतील तर त्यांचं शोषण दुभंगलेलं दिसेल, आणि अणूंची संख्या जितकी जास्त तितकी ही फूट मोठी. १९९२ मध्ये क्लोद वाइसबुश आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी अर्धवाहकाच्या पातळ थरांत ही फूट प्रत्यक्ष पाहिली. पण अशा अर्धवाहकांत ती काही मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टचीच असते. खोलीच्या तापमानाला उष्णतेची जी सर्वसाधारण धुसफूस असते, ती सुमारे २५ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टची. त्यामुळे हे प्रयोग अतिथंड यंत्रांतच करावे लागत.

कार्बनी रंगांकडे लक्ष गेलं ते यामुळे. रंग म्हणून वापरता येतो, याचाच अर्थ तो रेणू प्रकाश अतिशय जोरात शोषतो. शिवाय त्याची उत्तेजित अवस्था रेणूतच घट्ट धरलेली असते, साध्या उष्णतेने मोडत नाही. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या डेव्हिड लिडझी आणि सहकाऱ्यांनी पॉर्फिरिन जातीच्या एका रंगाचा पातळ थर दोन आरशांमध्ये ठेवला. पानांतलं हरितद्रव्य आणि रक्तातलं हीम याच कुळातले. त्यांना तब्बल १६० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टची फूट मिळाली.

पुढच्याच वर्षी त्यांनी सायनाइन रंगांचे पुंजके वापरून अशा थरातून खोलीच्या तापमानाला प्रकाशही बाहेर काढला. हे पुंजके फोटोग्राफीचा वारसा आहेत. १९३६ मध्ये इंग्लंडातल्या कोडॅकच्या प्रयोगशाळेत एडविन जेली यांना आणि जर्मनीत ग्युंटर शाइबे यांना स्वतंत्रपणे आढळलं, की काही सायनाइन रंग दाट द्रावणात एकावर एक रचले जातात आणि मग त्यांचं शोषण एका अरुंद, उंच शिखरात गोळा होतं. जेलींच्या आद्याक्षरावरून त्यांना ‘जे’ पुंजके म्हणतात. फिल्मला लाल-हिरवा प्रकाश कळावा म्हणून असे रंग वापरले जात. फिल्मचा जमाना संपला, पण तेच पुंजके आता पोलॅरिटॉनच्या प्रयोगांत नेहमीचे झाले आहेत.

सोन्याची फट

आरशांमधल्या अशा थरात कोट्यवधी रेणू असतात. फूट मोठी दिसते ती ते सगळे एकाच प्रकाशलहरीला बांधलेले असतात म्हणून. ती रेणूंच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते, आणि प्रकाश कोंडलेल्या जागेच्या घनफळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात घटते. एकाच रेणूला हे साधायचं असेल तर जागा अतोनात लहान करणं, हा एकच मार्ग उरतो.

साध्या आरशांनी जागा किती लहान होते? ६६५ नॅनोमीटरच्या प्रकाशाची अर्धी लांबी, प्लॅस्टिकसारख्या पारदर्शक पदार्थात, सुमारे २२० नॅनोमीटर. तेवढ्या बाजूचा घन घेतला तर घनफळ एक कोटी घन नॅनोमीटरच्या वर जातं. धातूंमध्ये मात्र एक पळवाट आहे. त्यांच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर डोलतात आणि प्रकाश दोन धातूंमधल्या अतिचिंचोळ्या फटीत दाबून बसवता येतो. चिक्करड्डी पुण्याच्या आयसरमध्ये असताना जी. व्ही. पवनकुमार यांच्या प्रयोगशाळेत याच प्रकारचं काम करत होते. चांदीच्या दोन नॅनो-तारा टोकाला टोक लावून ठेवल्या, की त्यांच्यामधल्या सांध्यात प्रकाश कसा एकवटतो, यावरचा त्यांचा निबंध २०१२ चा आहे.

केंब्रिजमध्ये जेरेमी बॉमबर्ग यांच्या गटात त्यांनी तारांऐवजी सोन्याचा गोळा घेतला. सपाट सोन्याचा पत्रा हा एक आरसा. त्यावर सुमारे ४० नॅनोमीटर व्यासाचा सोन्याचा कण हा दुसरा. दोघांमध्ये फट ०.९ नॅनोमीटरची. ही फट राखायची कशी आणि त्यात रेणू उभा करायचा कसा, हा खरा पेच होता. मेथिलीन ब्लूचे रेणू सोन्यावर नुसते सोडले तर आडवे पडतात आणि एकमेकांना चिकटतात. फटीतलं विद्युतक्षेत्र मात्र उभं असतं, पत्र्यापासून कणाकडे. आडवा रेणू त्याला दाद देत नाही.

रसायनतज्ज्ञ ओरेन शर्मन यांच्या गटाकडे यावर उपाय होता. कुकुर्बिटुरिल नावाचा, भोपळ्याच्या आकाराचा, आतून पोकळ असा एक रेणू असतो. त्याची उंची नेमकी ०.९ नॅनोमीटर. त्याच्या पोकळीत मेथिलीन ब्लूचा एकच रेणू मावतो, आणि तोही उभाच. हे रेणू सोन्याच्या पत्र्यावर एका थरात पसरले, वर सोन्याचे कण बसवले, की फटीची रुंदीही ठरली आणि रंगाचा रेणूही ताठ उभा राहिला. मेथिलीन ब्लूचं प्रमाण कमी-जास्त करून एकेका फटीत दहापासून एकापर्यंत रेणू येतील अशी व्यवस्था केली. प्रकाश कोंडण्याचं घनफळ ४० घन नॅनोमीटरहूनही कमी झालं, म्हणजे वरच्या एक कोटीच्या सुमारे अडीच लाखांशाएवढं.

पन्नासहून जास्त अशा फटींवर मोजमाप केलं. दहा रेणू असतील तर फूट सुमारे ३०० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट, एकच असेल तर ९०. वाचकाने हे स्वतः ताडून पाहावं : दहाचं वर्गमूळ ३.१६, त्याने ९० ला गुणलं की २८५ येतात. सिद्धान्त आणि प्रयोग यांचा असा मेळ बसला, म्हणूनच ९० चा आकडा एकाच रेणूचा आहे, यावर विश्वास ठेवता येतो.

९० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे किती? १.८६ इलेक्ट्रॉनव्होल्टची पातळी दोन्ही बाजूंना ४५-४५ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टनी सरकली, तर तरंगलांबीच्या भाषेत ६६५ च्या ऐवजी सुमारे ६५० आणि ६८० नॅनोमीटरच्या दोन पातळ्या होतात. रेणू आणि प्रकाश यांच्यातली एक पूर्ण फेरी, जाऊन-येऊन, सुमारे ४६ फेम्टोसेकंदांत होते. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश. सोन्याच्या फटीतून प्रकाश निसटतोही तितक्याच झपाट्याने. त्यामुळे एका रेणूची ही जोडणी घट्ट म्हणण्याच्या उंबरठ्यावरच आहे, आणि त्यापुढे ती भक्कम करणं हे या शाखेचं चालू काम आहे.

अंधारातली रसायनक्रिया

पातळ्या हलल्या, तर रसायनक्रियाही बदलेल का? हा प्रश्न फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या थॉमस एबसन यांनी विचारला. त्यांच्या गटाने २०१२ मध्ये स्पायरोपायरन हा रंगहीन पदार्थ घेतला. अतिनील प्रकाशात त्याचा मेरोसायनिन हा रंगीत पदार्थ होतो. चांदीच्या दोन आरशांमधलं अंतर मेरोसायनिनच्या शोषणाशी जुळवलं, तर ही क्रिया मंदावते, असं त्यांना आढळलं.

त्यापुढचं पाऊल जास्त धाडसाचं होतं. रेणूतले अणू आपापल्या बंधांवर सतत कंप पावत असतात आणि त्या कंपनांची लय अवरक्त प्रकाशाच्या लयीशी जुळते. २०१६ मध्ये याच प्रयोगशाळेत अनुप थॉमस, जिनो जॉर्ज आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन-कार्बन बंध तुटण्याची एक साधी क्रिया निवडली. काही मायक्रोमीटर अंतरावरच्या दोन आरशांमध्ये ते द्रावण भरलं आणि अंतर त्या बंधाच्या कंपनाशी जुळवलं. बाहेरून क्रियेला कसलाही प्रकाश पुरवला नव्हता. तरी क्रियेचा वेग साडेपाच पटींपर्यंत घटला. अंतर जरा बदलून जुळणी मोडली, की वेग पूर्ववत. २०१९ मध्ये त्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की एकाच रेणूत दोन बंध तुटू शकत असतील तर कोणता जास्त तुटेल, याचा कलही आरशांनी फिरवता येतो. ही पद्धत हाती आली तर औषधं बनवणाऱ्या कंपन्यांना उत्प्रेरकाऐवजी आरसा वापरता येईल, अशी चर्चा सुरू झाली.

इथे थोडं थांबायला हवं. या शाखेत दोन गोष्टी एकमेकींशी नीट जुळत नाहीत. आरशांमधले कोट्यवधी रेणू एकत्र मिळून दोनच पोलॅरिटॉन अवस्था बनवतात. बाकीच्या सगळ्या अवस्था जवळजवळ मूळच्या ऊर्जेवरच राहतात. त्यांना अदीप्त अवस्था म्हणतात. एकेका रेणूच्या वाट्याला जोडणीचा अगदी नगण्य हिस्सा येतो. पण बंध तुटतो तो एकेका रेणूतच. मग एवढ्याशा हिश्शाने क्रियेचा वेग कित्येक पटींनी कसा बदलावा? सर्वमान्य होईल असं उत्तर सैद्धान्तिकांना अजून देता आलेलं नाही.

प्रयोगांतही एकमत नाही. आरशांमुळे क्रिया वेगाने होते, असे काही दावे पुढे आले होते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी ते प्रयोग पुन्हा केले, तेव्हा सांगितलेला परिणाम त्यांना दिसला नाही. २०२३ मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने युरेथेन बनण्याच्या क्रियेवर परिणाम दिसल्याचं ‘सायन्स’मध्ये कळवलं. दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. काही मायक्रोमीटरची फट सगळीकडे सारखी राखणं, तापमान न हलू देणं, आणि क्रिया चालू असताना द्रावणाचा अपवर्तनांक बदलल्यामुळे मोजमापात येणारा भास वेगळा काढणं, हे अवघड काम आहे. वेगात दिसलेला फरक खरा की यांतला एखादा दोष, हे पुष्कळदा पहिल्या झटक्यात कळत नाही.

मुंबईत, आत्ता

हा वाद फक्त परदेशात चाललेला नाही. स्ट्रासबर्गच्या गटातून आलेले जिनो जॉर्ज मोहालीच्या आयसरमध्ये आहेत, अनुप थॉमस बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत. कलैवानन नागराजन यांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाची प्रयोगशाळा उभी केली आहे. स्ट्रासबर्गला असताना एका कार्बनी अर्धवाहकाचा वीज वाहून नेण्याचा गुण अशा जोडणीने वाढतो, हे दाखवणाऱ्या २०२० च्या कामात त्यांचं नाव पहिलं होतं. कंपनांच्या जोडणीखालच्या रसायनशास्त्राचा २०२१ चा आढावाही त्यांनी थॉमस आणि एबसन यांच्यासह लिहिला. म्हणजे पार्ल्याच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्याला हा विषय चर्चगेटची लोकल आणि पुढे नेव्हीनगरची बस इतक्या अंतरावर आहे.

उपयोगाच्या बाजूने सर्वांत पुढे आहे ते प्रकाश देणाऱ्या उपकरणांचं काम, आणि त्याला रसायनक्रियेच्या वादाची झळ लागत नाही. स्तेफान केना-कोहेन आणि स्टीफन फॉरेस्ट यांनी २०१० मध्ये अँथ्रासीनच्या स्फटिकातून खोलीच्या तापमानाला पोलॅरिटॉन लेसर चालवून दाखवला; अँथ्रासीन म्हणजे डांबरातून मिळणारा एक साधा कार्बनी पदार्थ. मोबाइलच्या पडद्यात वापरतात त्या ओएलईडीचा रंग शुद्ध हवा असेल तर आरशांमध्ये थर ठेवतात, पण मग पडदा तिरका पाहिला की रंग बदलतो. २०२३ मध्ये कोलोनच्या माल्टे गाथर यांच्या गटाने घट्ट जोडणी वापरून तिरक्या नजरेलाही न बदलणारा अरुंद, शुद्ध रंग मिळवला. उपकरणांच्या पलीकडे, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या गंधक-जिवाणूंच्या प्रकाश गोळा करणाऱ्या पिशव्याही, २०१४ मध्ये, आरशांमध्ये अशाच जोडल्या गेल्या.

एवढ्यावरून निवाडा द्यायचा तर असा. रेणू आणि प्रकाश यांची घट्ट जोडणी होते, खोलीच्या तापमानाला होते, एका रेणूचीही उंबरठ्यापर्यंत पोचते. हे आता पक्कं आहे. तिच्यामुळे प्रकाश देणारी उपकरणं सुधारतात, हेही दिसलं आहे. काळोखातल्या आरशांनी रसायनक्रियेला हवं तसं वळण देता येतं, हे मात्र अजून सिद्ध व्हायचं आहे, आणि ज्यांनी ते पाहिलं त्यांच्याइतकेच ज्यांना ते दिसलं नाही त्यांचे प्रयोगही ते ठरवण्यासाठी लागणार आहेत.

म्हणून कॉलेजातल्या वाचकांना एक सांगणं. आपल्याकडे बारावीनंतर फिजिक्सवाले आणि केमिस्ट्रीवाले लवकर वेगळे होतात आणि एकमेकांची पुस्तकं बाजूला ठेवतात. या विषयात आरसा बसवणाऱ्याला रेणू कळावा लागतो आणि रेणू बनवणाऱ्याला आरसा. फिजिक्स घेतलेल्यांनी कार्बनी रसायनशास्त्राचं आणि केमिस्ट्री घेतलेल्यांनी प्रकाशशास्त्राचं एकेक पुस्तक परीक्षेत नसलं तरी वाचावं.